हलक्या गाडीतला वाटाड्या

लोटस एलिस या गाडीची ओळख करून द्यायची, तर तिच्यात काय काय नाही, इथूनच सुरुवात करावी लागते. १९९५ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि पुढच्या वर्षापासून रस्त्यावर धावू लागली. या पहिल्या पिढीच्या एलिसमध्ये पॉवर स्टिअरिंग नव्हतं, एबीएस नव्हतं, एअरबॅगा नव्हत्या. खिडकीच्या काचा हातानं फिरवून खाली घ्यायच्या. पायाखाली उघडं ॲल्युमिनियम. सांगाडा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एपॉक्सीनं एकमेकींना चिकटवून केलेली चौकट, वजन सत्तर किलोंच्या आसपास. वरचं अंग फायबरग्लासचं, डोक्यावर गुंडाळून ठेवता येणारा कापडी टप. अशी सगळी गाडी मिळून भरते सव्वासातशे किलो. इंजिन रोव्हरचं, १.८ लिटरचं, ११८ अश्वशक्तीचं. त्या काळी याहून ताकदवान इंजिनं कितीतरी गाड्यांत होती, पण एलिसला ओढायचं ओझंच कमी होतं. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची धारणाच ही होती की ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते आणि वजन उतरवलं तर ती सगळीकडे पळते: चढावर, वळणात, ब्रेक मारताना. चॅपमन १९८२ मध्ये वारले. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात, हेथेल या गावाजवळच्या युद्धकाळातल्या जुन्या विमानतळावर त्यांनी उभा केलेला कारखाना मात्र त्याच वाटेनं चालत राहिला आणि २०२१ पर्यंत एलिस बनवत राहिला.

अशा गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र लावायचं ठरवलं, तर पहिली अडचण जागेची येते. रेडिओ असलाच तर जुन्या एक-डिन मापाचा, जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीचा. मोठा पडदा बसवायला डॅशबोर्डवर खणच नाही. मोठ्या गाड्यांत त्या काळी कारखान्यातूनच बसवून येणारी यंत्रणा, म्हणजे पडदा, नकाशाची डीव्हीडी वाचणारा डबा, तारांचा जुडगा आणि वेगळी अँटेना, इथे ठेवणार कुठे? चिकटवून उभ्या केलेल्या सांगाड्याला भोकं पाडून काही बसवणंही शहाणपणाचं नाही. राहतो एकच पर्याय: काचेला चिकटणारं, तळहातावर मावणारं सुटं यंत्र.

वजनाचा मुद्दा इथेच निकालात काढू. २००५ नंतर टॉमटॉम आणि गार्मिन या कंपन्यांची साडेतीन इंची पडद्याची जी छोटी यंत्रं बाजारात आली, ती दीडशे ग्रॅमच्या आसपास भरत. सव्वासातशे किलोंच्या गाडीत दीडशे ग्रॅम म्हणजे दर हजारी एक भागसुद्धा नाही. चालवणाऱ्यानं सकाळी दोन पेले पाणी जास्त प्यायलं तर गाडीला याहून अधिक फरक पडेल. त्यामुळे ग्रॅम मोजत बसण्यात अर्थ नाही. हलक्या गाडीत खरी टंचाई असते ती चालवणाऱ्याच्या लक्षाची. स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो, इंजिन पाठीमागे गरजत असतं, वारा कानावर आदळत असतो आणि या सगळ्यातून गाडी काहीतरी सांगत असते. ते ऐकायला मिळावं म्हणूनच तर ही गाडी घेतलेली असते. वाटाड्यानं त्यातलं कमीत कमी हिसकावून घ्यावं, हीच त्याची कसोटी. यंत्र निवडण्यापासून ते लावण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय मला याच कसोटीवर घासून पाहावासा वाटतो.

मोटारीत नकाशा दाखवण्याची धडपड जीपीएसच्या आधीची आहे. १९८१ मध्ये होंडानं जपानमध्ये एक यंत्र आणलं. त्यात गाडी कुठल्या दिशेला वळली हे वायूवर चालणारा गायरो ओळखायचा आणि पारदर्शक फिल्मवर छापलेल्या नकाशावर गाडीची जागा दिसायची. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईटॅक कंपनीच्या यंत्रानं नकाशे चक्क कॅसेटवर साठवले. चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली याचा हिशेब ठेवून ते जागा काढायचं. उपग्रहांचा यात काही संबंध नव्हता. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली, पण सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात लष्करानं मुद्दाम चूक मिसळलेली असायची. जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. इंग्लंडच्या गावरस्त्यांवर शंभर मीटर म्हणजे दुसरीच गल्ली. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ही भेसळ बंद झाली आणि सुट्या यंत्रांचा बाजार खऱ्या अर्थानं उघडला. २००४ मध्ये टॉमटॉमचं ‘गो’ आलं. पडदा, नकाशा, अँटेना आणि आवाज हे सगळं त्या एका डबीत होतं.

आता ही डबी एलिसच्या काचेवर ठेवली की काय होतं ते पाहू, कारण या गाडीचं साधेपण इथे फार उपयोगी पडतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत कल्पनेपलीकडे क्षीण झालेला असतो. एका वॉटचे कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा कोटी भाग करा आणि त्यातल्या एकाचाही शंभरावा भाग घ्या, एवढी त्याची ताकद. हवेतल्या नेहमीच्या विद्युत-गोंगाटाच्याही तो खाली असतो. तरी तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रह १०२३ आकड्यांची आपली ठरावीक माळ दर सेकंदाला हजार वेळा म्हणत असतो. यंत्राला ती माळ तोंडपाठ असते, त्यामुळे गोंगाटात ती कुठे जुळते हे ते शोधून काढतं. जुळली की संकेत निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ गेला ते कळतं आणि वेळेवरून अंतर. अशी किमान चार उपग्रहांची अंतरं लागतात. तीन जागेसाठी, चौथं यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. उपग्रहावरची घड्याळं अणूंवर चालतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतांनुसार ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही तफावत आधीच धरून घेतली नसती, तर अंतराचा हिशेब रोज सुमारे ११ किलोमीटरनं बिघडत गेला असता.

इतका नाजूक संकेत धातू अडवतो. काही महागड्या गाड्यांच्या पुढच्या काचेला ऊन परतवणारा धातूचा पातळ थर दिलेला असतो. त्या काचेमागे सुटं यंत्र आंधळं होतं आणि बाहेर अँटेना लावावी लागते. एलिसची काच साधी, अंग फायबरग्लासचं, टप कापडाचा. टप लावलेला असो वा काढलेला, यंत्राला जवळजवळ सगळं आकाश दिसतं. याच फायबरग्लासमुळे गाडीतल्या रेडिओची मात्र अडचण होते. त्याच्या उभ्या अँटेनेला पायाशी धातूचा पत्रा हवा असतो, तो इथे मिळत नाही. जीपीएसच्या चपट्या, टपाल तिकिटाएवढ्या अँटेनेला तो पत्रा लागत नाही, आपल्यापुरता तळ ती सोबत घेऊनच येते.

तरी एक गोष्ट धीरानं करावी लागते. उपग्रह स्वतःच्या कक्षेचा तपशील सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे सांगतो. एका उपग्रहाचा हा तपशील पूर्ण ऐकायला ३० सेकंद लागतात आणि तो चारेक तासच कामाचा असतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटं जातात. मध्येच झाडाआड किंवा भिंतीआड गेलात आणि शब्द तुटला, तर पुढच्या फेरीची वाट पाहायची. म्हणून रात्रभर बंद असलेलं यंत्र चालू करून लगेच निघू नये. मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं उभं राहावं. इंजिनाचं तेल गरम व्हायला तेवढा वेळ लागतोच. निघाल्यावर, चालत्या गाडीत, जागा सापडायला कितीतरी जास्त वेळ लागू शकतो आणि तोवर पहिलं वळण मागे पडलेलं असतं.

उपग्रह दिसेनासे झाले की छोट्या डबीची मर्यादा उघडी पडते. लंडनच्या पूर्वेला थेम्स नदीखालून जाणाऱ्या डार्टफर्डच्या बोगद्यात शिरलात, की बहुतेक सुटी यंत्रं शेवटच्या वेगानं गाडीचं चित्र पुढे ढकलत राहतात आणि बाहेर आल्यावर दुरुस्ती करून घेतात. गाडीत पक्की बसवलेली यंत्रणा चाकांचे फेरे मोजून आतही हिशेब ठेवते, ईटॅकचं यंत्र ठेवायचं तसाच. हलक्या गाडीच्या मालकानं ही उणीव बिनतक्रार पत्करावी. बोगद्यात वळणं क्वचितच असतात.

यंत्र काचेवर नेमकं कुठे लावायचं, या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते गाडीच्या घडणीतूनच मिळतं. एलिसला वायपर एकच आहे. तो मध्यावरून झाडतो आणि खालच्या कोपऱ्यात काचेचा थोडा भाग न पुसताच सोडून देतो. नजर तशीही तिथून पुढे जात नाही. यंत्राची जागा तीच: चालवणाऱ्याच्या बाजूचा खालचा कोपरा. ब्रिटनमध्ये, आपल्यासारखंच, स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणजे उजवा कोपरा. तिथल्या वार्षिक तपासणीतही वायपरच्या झाडणीत येणाऱ्या काचेवर नजर अडवणारं काही नसावं असा दंडक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं तर २००९ पर्यंत काचेवर असं यंत्र लावायलाच बंदी केली होती. मग परवानगी दिली ती कोपऱ्यांपुरती: चालवणाऱ्याच्या बाजूला पाच इंच चौरस, पलीकडे सात इंच चौरस. काचेच्या मधोमध, आरशाखाली यंत्र लटकवणारे लोक दिसतात. उंच गाडीत ते कदाचित खपून जात असेल. एलिसमध्ये माणूस जवळजवळ जमिनीवर बसतो, पुढची काच अरुंद असते आणि मधोमध लावलेली डबी डाव्या वळणाचा नेमका आतला कोपरा झाकते. ते मला धोक्याचं वाटतं.

यंत्राला काचेशी धरून ठेवणारी रबरी चोषकपट्टी टिकून राहते ती बाहेरच्या हवेच्या दाबावर. सहा सेंटिमीटर व्यासाच्या पट्टीवर हवा सुमारे २८ किलोंच्या जोरानं दाबते. दीडशे ग्रॅमला हे भरपूर झालं. पण हा हिशेब काच स्वच्छ आणि रबर मऊ असेल तेव्हाचा. कडेला एक बारीक कण आला की हवा आत झिरपते. उन्हानं रबर कडक होतं, कडक स्प्रिंगांच्या गाडीत खड्ड्याखड्ड्याला हादरा बसतो आणि एखाद्या वळणात यंत्र पायाशी पडतं. पेडलजवळ पडलेली वस्तू ही चेष्टा नव्हे. म्हणून पट्टी लावण्याआधी काच स्पिरिटनं पुसावी, पट्टी कोमट पाण्यात मऊ करून घ्यावी आणि यंत्राचा दांडा जितका आखूड तितका बरा. लांब दांडा प्रत्येक हादरा वाढवून पडद्यापर्यंत पोहोचवतो आणि थरथरणारा पडदा वाचायला दुप्पट वेळ लागतो.

उघड्या गाडीत ऊन सरळ पडद्यावर येतं. दुपारच्या उजेडापुढे त्या छोट्या दिव्याचं काही चालत नाही. पडदा थोडा खाली आणि आपल्याकडे तिरका करून आकाशाचं प्रतिबिंब टाळणं, एवढंच हाती असतं. टप काढून जास्त फिरणाऱ्यांनी, विशेषतः केटरहॅम सेव्हनसारख्या दारंसुद्धा काढून ठेवता येणाऱ्या गाडीच्या मालकांनी, मोटारसायकलसाठी केलेलं यंत्र घ्यावं. ते पाऊस सोसतं, उन्हात वाचता येतं, हातमोजे घालून दाबता येतं. आता बहुतेकांच्या खिशात फोन असतो आणि नकाशे त्यातच असतात हे खरं. पण फोन काचेवर, थेट उन्हात, चार्जिंगला लावून ठेवला की तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो, नेमका जेव्हा तो उजळ हवा असतो तेव्हा. गाडी उभी करताना यंत्र खिशात घालावं आणि काचेवरचा पट्टीचा गोल ठसा पुसून टाकावा. तो ठसा पाहून चोर आतला कप्पा शोधतात, हे ब्रिटिश पोलिसांनी अनेकदा सांगितलेलं आहे.

आवाजाचा भरवसा धरू नये. इंजिन डोक्यामागे, टप उघडा आणि यंत्रातला स्पीकर रुपयाच्या नाण्याएवढा. चाळीस मैलांच्या पुढे तो काय बोलतोय ते कळत नाही, आणि कळत नसलेलं बोलणं फक्त त्रास देतं. त्यापेक्षा आवाज बंद ठेवावा आणि पडद्यावरही कमीत कमी ठेवावं. उंच घरं दाखवणारं त्रिमितीचं चित्र बंद, पेट्रोलपंपांची आणि उपाहारगृहांची चिन्हं बंद. गाडीच्या दिशेनं फिरणारा सपाट नकाशा, पुढच्या वळणाचा बाण आणि तिथवरचं अंतर एवढं पुरे. रात्री काळ्या पार्श्वभूमीचा नकाशा हवाच, नाहीतर जवळच्या तिरक्या काचेत पडदा चमकत राहतो.

आणि बघायचं कधी? साधं यंत्र आपली जागा सेकंदातून एकदा काढतं. ताशी १०० किलोमीटर वेगानं गाडी तेवढ्यात २८ मीटर पुढे जाते. म्हणजे पडद्यावरची गाडी नेहमीच थोडी मागे असते. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यानं २०१३ मध्ये मोटारीतल्या पडद्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत एका वेळची नजर दोन सेकंदांवर जाऊ नये असं म्हटलं आहे. या वेगानं दोन सेकंद म्हणजे ५६ मीटर. नॉरफकच्या उंच कुंपणांमधल्या रस्त्यावर पुढचं एवढं अंतर दिसतंच असं नाही. म्हणून नजर टाकायची ती वळणाआधीच्या सरळ पट्ट्यात, अर्ध्या सेकंदाची, आणि पुढच्या दोन खुणा लक्षात ठेवायच्या. राउंडअबाउटला पोहोचल्यावर पडदा पाहायचा नाही. तिसरी वाट घ्यायची हे आधीच ठरलेलं असलं, की वाटा डोळ्यांनी मोजता येतात. डिसेंबर २०१७ पासून ब्रिटनमध्ये गाडी चालवण्याच्या परीक्षेत बहुतेकांना यंत्राच्या सांगण्यानुसार चालवून दाखवावं लागतं. हे कौशल्य वेगळं शिकायचं असतं, हे तिथल्या परीक्षकांनी मान्य केलं याचा मला आनंद वाटतो.

रस्ता निवडण्याचं काम मात्र यंत्रावर पूर्ण सोपवू नये. त्यामागचं गणित डच संगणकतज्ज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेच्या अंगणात, वाग्दत्त वधूबरोबर कॉफी घेताना, वीसेक मिनिटांत मनातल्या मनात जुळवलं. नेदरलँड्सच्या नकाशावरची ६४ शहरं घेऊन, एका शहरातून दुसऱ्यात जाण्याची सर्वांत जवळची वाट नव्या संगणकाकडून काढून दाखवायची होती. पुढे टॉमटॉमही त्याच शहरात उभी राहिली. प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याला एक किंमत द्यायची आणि एकूण किंमत सर्वांत कमी होईल अशी वाट शोधायची, हे डायक्स्ट्रांच्या गणिताचं सार. यंत्रं किंमत म्हणून मिनिटं घेतात, म्हणून ती हमरस्ता सुचवतात. एलिसमध्ये बसलेल्या माणसाला मिनिटं वाचवायची नसतात. त्याच्या लेखी वळणदार रस्त्याची किंमत कमी आणि सरळ रस्त्याची जास्त.

हेथेलहून उत्तर किनाऱ्यावरच्या वेल्स-नेक्स्ट-द-सी या गावी जायचं असेल, तर यंत्र नॉरिचला वळसा घालून ए१०६७ वर नेऊ शकतं. पण आदल्या संध्याकाळी विंडम, डिअरम आणि फेकनम ही तीन गावं मधले थांबे म्हणून टाकली, की त्याला बी११३५, मग बी११४६ आणि शेवटी बी११०५ धरावेच लागतात. किनाऱ्याला लागल्यावर ए१४९ गावांच्या मधून, खाजणांच्या कडेनं वळत जातो. तिथे थांब्यांची गरज उरत नाही. कागदी नकाशा शेजारी ठेवून असे थांबे निवडणं हा या सगळ्या खटाटोपातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. काही मोटारसायकलींच्या यंत्रांत वळणदार रस्ते स्वतःहून शोधण्याची सोयही असते, पण कुठला रस्ता गावकऱ्यांच्या शाळेसमोरून जातो ते नकाशा पाहणाऱ्या माणसालाच कळतं. तिथे हळू जायचं असतं.

पडद्यावर पुढच्या वळणाचा आकार दिसतो, आणि कुंपणाआड दडलेलं वळण आधी कळणं उपयोगाचं असतं. पण तो आकार पाहून वेग ठरवणं चुकीचं आहे. नकाशातली रेघ ठिपके जोडून काढलेली असते, आवळत जाणारं वळण तिच्यात गोल दिसू शकतं. आणि रस्त्यावर काय पडलंय हे तिला ठाऊक नसतं. नॉरफक हा साखरबीटचा मुलूख आहे. कँटली इथला साखर कारखाना १९१२ पासूनचा. शरद ऋतूत बीट काढणी सुरू झाली, की ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो. पाऊस पडला की त्यावरून सव्वासातशे किलोंची गाडी साबणावरून जावी तशी जाते.

छोट्या यंत्राचा आणखी एक गुण वाट शोधण्याशी संबंधित नाही, पण गाडीवर प्रेम करणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. ते वेग अचूक सांगतं. दोन जागांमधलं अंतर मोजून नव्हे, तर उपग्रहाच्या संकेताची कंपनसंख्या गाडीच्या हालचालीनं किती बदलली, यावरून. डॉप्लर परिणामाचा हा उपयोग मोकळ्या आकाशाखाली, स्थिर वेगात, ताशी किलोमीटरच्या अंशापर्यंत खरा उतरतो. गाडीचा काटा मात्र मुद्दाम जास्त दाखवतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवण्याची मुभा खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतकी आहे. खरा वेग १०० असताना काटा ११४ वर असला तरी तो कायद्यात बसतो. त्यात टायरची भर. नव्या टायरची नक्षी आठेक मिलिमीटर खोल असते, झिजून ती दोनवर आली की चाकाची त्रिज्या सहा मिलिमीटरनं घटते. एलिसच्या मापाच्या चाकात हा फरक सुमारे दोन टक्के होतो आणि काटा तेवढा आणखी पुढे पळतो. वेगळ्या मापाचे टायर घातले असतील, तर फरक उलटाही होऊ शकतो आणि तो जास्त धोक्याचा.

हे तपासायला विंडमजवळच्या ए११ सारखा सरळ, सपाट, चौपदरी रस्ता बरा. रहदारी कमी असताना काटा पन्नास मैलांवर अर्धा मिनिट स्थिर ठेवायचा आणि शेजारी बसलेल्यानं यंत्रावरचा आकडा लिहून घ्यायचा, मग साठ, मग सत्तर. आकड्यांची ती चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी आणि टायर बदलले की नवी करावी.